वच्छलाचे झिंगे

ब्रह्मपुरीपासून तासाभराच्या वाटेवर, तलावाच्या पाळीला लागून मच्छीमार संस्थेची नवी बर्फाची शेड आहे. संस्थेची अध्यक्ष गिरजा त्या शेडमध्ये सकाळपासून नागपूरच्या वकीलबाईंची वाट पाहत बसली होती. दोन महिन्यांपासून गावचे झिंगे कोणी उचलत नव्हतं. ज्या देशात ते जात, त्यानं एकाएकी दार लावून घेतलं होतं. झिंग्यांत औषधाचा अंश सापडला, असं त्यांचं म्हणणं.

वकील नीलिमाताई आल्या, चहा झाला, आणि त्यांनी आतली गोष्ट सांगितली. त्या देशाला आपल्या सरकारकडून एका बंदराचा करार हवा होता. सरकारनं नाही म्हटलं, म्हणून त्यांनी झिंगे अडवले. बंदराचा झिंग्यांशी काय संबंध? काहीच नाही. पण पोटाला चिमटा बसला की माणूस मान डोलावतो. अशा दबावाविरुद्ध जागतिक व्यापाराच्या पंचांपुढे दाद मागता येते, आणि सरकार ती मागत होतं. माल चोख होता, हे तलावावरच्या माणसानं शपथेवर सांगायचं होतं.

"सांगीन ना," गिरजा म्हणाली. "आमच्या तलावात औषधाचा थेंब नाई पडत. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन हो म्हणवून घेते म्हणजे काय? कसे लोक असतात, बाई!"

"आमच्या बाईलेच पंचापुढं उभं करा," संस्थेचा सचिव प्रफुल म्हणाला. "बंदरवाले पळून जातील."

नीलिमाताई हसल्या नाहीत. समोरच्या देशानं पुरावा म्हणून जोडलेला एक कागद त्यांनी पिशवीतून काढला. वर परकी अक्षरं, खाली मूळ मराठी पत्राची छायाप्रत. संस्थेचा शिक्का, गिरजाची ठसठशीत सही. 'वच्छलाबाई यांच्या झिंग्यांत औषधाचा अंश आढळल्याने त्यांचा माल घेणे बंद करण्यात येत आहे.'

गिरजानं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. वच्छला गावातलीच, संस्थेला झिंगे देणारी. मागच्या वर्षी हे पत्र हाती आल्यावर तिनं माल विकत घेणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली होती आणि हे पत्र सोबत जोडलं होतं. कंपनीनं ते परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलं. तिथून ते कुठवर गेलं, ते आता दिसतच होतं.

"हे खरं आहे का?" नीलिमाताईंनी विचारलं.

प्रफुल खाली पाहू लागला. मागच्या वर्षी संस्थेला शेडसाठी जागा हवी होती. रस्त्याला लागून एकच पट्टा होता, वच्छलाचा, आणि ती देईना. तेव्हा गिरजानंच तिचा माल बंद करायला लावला. पत्रात कारण काय लिहू, असं प्रफुलनं विचारलं, तर ती म्हणाली होती, औषध लिही. सहा आठवडे वच्छलाचे झिंगे सडले. सातव्या आठवड्यात तिनं जागेच्या संमतीपत्रावर सही केली आणि दुसऱ्या दिवशीपासून तेच झिंगे चांगले झाले. शेडच्या उद्घाटनाला गिरजानं स्वतः पेढे वाटले होते.

गिरजा आता बसली होती, ती जमीन वच्छलाचीच होती. तिला एकदम उठावंसं वाटलं.

नीलिमाताईंनी शांतपणे सांगितलं, पत्र खरं ठरलं तर दावा पडेल. खोटं असेल तर का लिहिलं, हे शपथेवर उघड सांगावं लागेल. वच्छलाबाईंची साक्षही लागेल.

गिरजानं पत्र नीलिमाताईंसमोर ठेवलं.

"लिहा," गिरजा म्हणाली. "पत्र खोटं होतं. जागेसाठी केलं. मीच केलं."

मग दोघी वच्छलाच्या घरी गेल्या. ती अंगणात जाळं साफ करत होती. सगळं ऐकून घेताना तिचे हात थांबले नाहीत. वाटेत गिरजानं मनाशी ठरवलं होतं, ते ती बोलून गेली.

"तू सही दे, वच्छला. मी जागा वापस करीन."

वच्छलानं जाळं खाली ठेवलं.

"सही देली तरच जागा? मंग तुह्यात अन् त्या बंदरवाल्याइच्यात फरक काय राह्यला, गिरजा?"

तिनं वकीलबाईंकडून पेन मागितला, कागद ओळीओळीनं वाचला आणि सही केली.

"झिंगे चांगले होते, म्हणून सही केली. त्याच्या बदल्यात मले काई नाई पाह्यजे. जागेची सही दबावानं घेतली, असा माहा अर्ज सहा महिन्यांपासून तहसीलीत हाये. तिथी ये. जे बोलाचं ते तिथी बोल."

गिरजाला त्या अर्जाची खबरही नव्हती. अंगणात उभ्या उभ्याच तिनं सुनावणीची तारीख विचारली.