सिस्टरबाईंची घोडी

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच साली पावसानं दगा दिला आणि त्याच साली नीलम्मा सिस्टर रिटायर झाल्या. मुखेडच्या सरकारी दवाखान्यात आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं करण्यात त्यांची उमर गेली होती. दारावर थाप पडली की उठायचं, पांढरी साडी नेसायची, पिशवी उचलायची आणि निघायचं. नवरा लवकर वारला. एकुलता एक गुरुलिंग शेजारच्या ओसरीवर वाढला, शिकला आणि आता लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून झाला होता.

रिटायर झाल्यावर पहिला महिना नीलम्मा नुसत्या झोपल्या. दुसऱ्या महिन्यात सगळ्या पांढऱ्या साड्या त्यांनी बोहारणीला देऊन टाकल्या आणि बाजारातून हिरवंगार इरकली लुगडं आणलं. शिवपूजा सावकाश करायची, चहा गरम असतानाच संपवायचा, मन होईल तेव्हा वेशीपर्यंत फिरून यायचं. एवढ्यानंच त्यांचा चेहरा उजळला होता.

दिवाळीला गुरुलिंग आला. म्हणाला, "अव्वा, क्वार्टर मिळालंय. आता इथं काय ठेवलंय तुझं? कुलूप लाव अन् चल. पोरं लई वांड झालीत, गुरम्माला एकटीला आवरत न्हाईत. तू असली म्हणजे घराला आधार."

नीलम्मांनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. "येते की. पण माझी मी येईन. आधी माळेगावची जत्रा करते."

माळेगावची जत्रा त्यांना नवी नव्हती. दरसाल तिथं त्यांची ड्युटी लागायची. तंबूत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉलऱ्याची सुई टोचायची. घोडेबाजार त्यांनी कधी पाहिला नव्हता. तंबूच्या दारातून नुसतं खिंकाळणं ऐकू यायचं.

यंदा त्या चतुराबाईला घेऊन निघाल्या. चतुराबाई दवाखान्यातली आया, त्यांच्या आधी वर्षभर रिटायर झालेली. जीव लावणारी, पण तोंडाची तिखट. दोघींनी खंडोबाचं दर्शन घेतलं, रेवड्या घेतल्या, आणि नीलम्मांचे पाय आपोआप घोडेबाजाराकडं वळले.

चारा मिळत नव्हता म्हणून लोक जनावरं विकून मोकळे होत होते. एका कडेला केरबा नावाचा म्हातारा तांबूस-काळसर कुमैत रंगाची घोडी घेऊन उभा होता. घोडी उंचीला बेताची, बरगड्या दिसणारी, पण डोळा पाणीदार. नीलम्मा तिच्यासमोर थबकल्या. त्यांचे वडील गुरुबसप्पा देगलूरहून तट्टावर कापडाचे गठ्ठे लादून आठवडी बाजार करायचे. लहानगी नीलम्मा त्यांच्या पुढ्यात बसायची. पुढं पुढं तर बाजाराहून परतताना ते तिला एकटीलाच तट्टावर बसवायचे आणि स्वतः पायी चालायचे. मग ती मोठी झाली आणि घरच्या बायांनी ते बंद केलं.

त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. घोडीनं नाकपुड्या फुलवून त्यांच्या ओच्यातल्या रेवड्यांचा वास घेतला.

केरबा म्हणाला, "बाई, कुणासाठी पाहून राहिल्या? मालक कुठं हायेत?"

"मीच मालक."

"सिस्टर, येड लागलं का?" चतुराबाईनं त्यांचा दंड धरला. "या वयात हाडं मोडून घेताव का?"

"मोडली तर तू हायेस की शेकायला."

केरबानं हसत खोगीर घातलं. नीलम्मांनी कासोटा नीट खोचला, रिकिबीत पाय ठेवला आणि एका दमात वर बसल्या. आजूबाजूचे व्यापारी बघायला लागले. दोन पावलं घोडी आडवी गेली, तसा त्यांचा हात आपसूक लगामावर आवळला आणि गुडघे दाबले गेले. इतक्या वर्षांत जे मनातूनसुद्धा गेलं होतं, ते अंगानं जपून ठेवलं होतं. उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ओठांवर हसू मावत नव्हतं. उपरण्याखाली बोटं धरून, बोटांच्याच खुणांनी भाव ठरवत केरबानं त्यांच्याशी सौदा केला, अगदी पुरुषमाणसाशी करतात तसा.

"आता ही मुखेडला कशी न्यायची?" चतुराबाईनं विचारलं.

"मुखेडला न्हाई. लातूरला."

चतुराबाईनं कपाळावर हात मारला, पण गाठोडं तिनंच उचललं. ती एसटीनं पुढं जायची आणि मुक्कामाच्या गावी कडबा-पाण्याची सोय करून वाट बघायची, असं ठरलं. नीलम्मा निघाल्या. अहमदपूरच्या अलीकडं नव्या जिल्ह्याची पाटी लागली. जुन्या जिल्ह्याच्या नावावर ताजा रंग फासून वर 'लातूर' लिहिलेलं. दोन्ही बाजूंनी करपलेली ज्वारी. एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायची. पहिल्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच हात हलवायला लागल्या.

चाकूरच्या अलीकडं दुष्काळी काम चालू होतं. रस्त्याकडेला पन्नास-साठ बाया खडी फोडत होत्या. घोडीच्या टापा ऐकून हातोडे थांबले. एकीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ती ताडकन उठली.

"अगं बया! सिस्टरबाई! मी केवळाबाई, मुखेडची लेक. पहिली दोन्ही बाळंतपणं माहेराला, तुमच्याच हातची!"

नीलम्मा उतरल्या. बायांनी त्यांना घेरलं, आपल्या डब्यातली भाकरी दिली, घागरीतलं पाणी एकीनं घमेल्यात ओतून घोडीपुढं ठेवलं.

"कुठं निघालाव? कुणी बोलावलं का?" केवळाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई गं. मीच निघाले. मला वाटलं म्हणून."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. वाटलं म्हणून निघाली, ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असावी. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मग एकदा पळवून दावा की, सिस्टर! आमच्या नावानं!"

पुढं रस्ता सरळ आणि मोकळा होता. नीलम्मा वर बसल्या, पुढं वाकल्या आणि टाच दिली. घोडी जी सुटली! कानात वारा घुमायला लागला, पदर डोक्यावरून उडाला, पांढरे केस सुटले. मागं बायांनी हातोडे उंच करून आरोळी ठोकली. मुकादम ओरडत होता, पण त्याचं कोण ऐकतंय! नीलम्मा मोठ्यानं हसत होत्या. पार वळणापर्यंत जाऊन त्या फिरल्या आणि तशाच भरधाव परत आल्या. बायांनी घोडीच्या कपाळाला माती लावली, कुंकू कुठून आणायचं तिथं!

शेवटच्या मुक्कामावरून चतुराबाईला मुखेडच्या एसटीत बसवून नीलम्मा लातूरला पोचल्या त्या भर सकाळी. गुरुलिंग कचेरीला निघाला होता. दारात घोडी, घोडीवर आई. त्याचा चेहराच उतरला.

"अव्वा, हे काय? शेजारी सगळे साहेब लोक राहतात. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला पण सांग," नीलम्मा म्हणाल्या आणि शांतपणे उतरल्या.

गुरम्मा बाहेर आली. डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी, सासूसमोर हळू बोलणारी सून. तिनं घोडीला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अव्वा, मी बसू?"

गुरुलिंग काही बोलायच्या आत ती ओट्यावर चढून खोगिरावर बसलीसुद्धा. घोडी हलली तशी ती घाबरली, मग खुदकन हसली, मग मोठ्यानं हसली. पोरं नाचायला लागली. घोडी पुढं सरकली तसा गुरुलिंगला लगाम धरावा लागला, आणि बायकोला घेऊन तो क्वार्टरांच्या रांगेतून चालत निघाला. साहेबांच्या घरातल्या बायका टाळ्या वाजवत बाहेर आल्या. वळून येईपर्यंत तोही हसत होता.

नीलम्मा आठ दिवस राहिल्या. नातवंडांना भरपूर लाडावलं, आणि मग म्हणाल्या, "निघते. निलंग्याकडचा मुलूख बघायचा राहिलाय माझा."

"अन् पोरं?" गुरुलिंगनं विचारलं.

उत्तर गुरम्मानं दिलं. "पोरं आपली हायेत, आपण बघू. तुम्ही कचेरीतून येळेवर घरी येत चला. अव्वांनी गावाची बाळंतपणं काढली, आता त्यांना जाऊ द्या."

गुरुलिंग गंजगोलाईच्या बाजारापर्यंत घोडीसोबत चालत आला. नीलम्मांनी वाकून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"परत कधी येशील?"

"मनाला येईल तेव्हा."

त्यांनी घोडीला इशारा केला. गर्दी बाजूला झाली, गाद्यांवरचे दुकानदार उठून बघायला लागले. एकानं गुरुलिंगला विचारलं, "कोण हो ही बाई?"

गुरुलिंगनं छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझी अव्वा हाय ती!"