चार कोपऱ्यांच्या खोलीत सहा कोपरे

खोलीला कोपरे चार असतात, हे साऱ्या जगाला मान्य आहे. माझ्या भाचीला नाही. ती दुसरीच्या वर्गाला शिकवते आणि मी तिचा मामा, हाक मारली की हातोडी घेऊन हजर. तिनं एका चौकोनी खोलीत सहा कोपरे बसवले आणि त्यांच्या फळ्या मी ठोकल्या. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा.

वाचनाचा, आकड्यांचा, ठोकळ्यांचा, चित्रांचा, दुकानाचा आणि पाण्याचा. बाकं काढून व्हरांड्यात रचली. मुलांनी चौघाचौघांनी एकेका कोपऱ्यात बसायचं, हातानं करून शिकायचं, वेळ झाली की पुढच्या कोपऱ्यात जायचं.

"आणि तू काय करणार? झोपा काढणार?" मी विचारलं.

"मी चौघांजवळ बसणार, मामा. इतकी वर्षं रांगांकडे बघून बोलले. वर्ष संपतं तरी शेवटच्या बाकावरचं पोर मला नीट माहीत नसतं. आता पुरे."

हे ती इतक्या हळू बोलली की मी खिळा सोडून अंगठ्यावर हातोडी मारली.

पहिल्याच दिवशी तिनं सहाही कोपरे एकदम उघडले. अरे बापरे! पाणी दुकानात शिरलं, दुकानातला माल ठोकळ्यांत गेला, ठोकळे चित्रांत आणि चित्रांचे रंग पोरांच्या कानांत. ज्या पोराला सगळे तुफान म्हणत, तो पाण्याची बादली डोक्यावर घालून वाचनाच्या कोपऱ्यात शिरला. असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली फळ्यावरची अक्षरं घाबरून खाली घसरली. मी स्वतः ती केरसुणीनं गोळा केली. त्यात दोन जोडाक्षरं होती, ती जरा जड लागली.

दारात मोठ्या बाई उभ्या. म्हणजे मुख्याध्यापिका.

"हा वर्ग आहे की बाजार?"

"बाई, आज पहिलाच दिवस..."

"महिनाभर देते. मग मी येऊन बसेन. तेव्हाही हेच दिसलं तर बाकं परत रांगेत आणि हा सगळा पसारा मामांच्या घरी."

"माझ्या घरी कशाला?"

"फळ्या कुणी ठोकल्या?"

मी हातोडी पाठीमागे लपवली. भाची मात्र पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. "चूक माझीच," ती म्हणाली. "पोहायला शिकवलं नाही आणि सगळ्यांना एकदम पाण्यात ढकललं."

दुसऱ्या दिवशी तिनं पाच कोपऱ्यांवर चादरी टाकल्या आणि एकच उघडा ठेवला, ठोकळ्यांचा. त्यातही खेळ नाही. खोकं उचलायचं कसं, झाकण काढायचं कसं, ठोकळे परत भरून झाकण लावायचं कसं, एवढंच.

"अगं, झाकण लावायलासुद्धा शिकवावं लागतं होय?" मी हसलो.

"तुमच्या डब्यांच्या झाकणांबद्दल मामी काय म्हणते?"

मी खिळे मोजू लागलो.

पोरांना ठोकळे जमले तेव्हा पुढची चादर निघाली. मग त्याच्या पुढची. वाचनाचा कोपरा ठोकळ्यांपासून लांब गेला, पाण्याचा नळाजवळ आला. प्रत्येक पोराला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा मिळाला, त्यावर त्याचं चित्र. ज्या कोपऱ्यात बसायचं तिथल्या दोरीला आपला चिमटा लावायचा. दोरीवर चार चिमटे झाले की कोपरा भरला, मग राजा आला तरी बाहेर. हा नियम एका मुलीनं इतका मनावर घेतला की मी तिला फौजदारीण म्हणू लागलो. वाळूचं घड्याळ रिकामं झालं की भाची एक लहानशी चाल गुणगुणायची. ती संपेपर्यंत आवरायचं आणि चिमटा उचलायचा.

मोठ्या बाई यायच्या त्याच सकाळी भाचीचा घसा बसला. साधासुधा नाही, शब्द ओठांपर्यंत यायचा आणि पत्ता चुकल्यासारखा परत जायचा.

"मामा," ती नुसत्या श्वासानं म्हणाली, "आज बाकं आत येणार."

मोठ्या बाई आल्या आणि थेट पाण्याच्या कोपऱ्यात टेकल्या. फौजदारीण समोर उभी.

"इथं चार झाले."

"अगं, मी मोठ्या बाई आहे."

"हो. पण चारच." तिनं एक कोरा चिमटा पुढे केला. "ठोकळ्यांत आज एकजण आजारी आहे. तिकडे जागा आहे."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मोठ्या बाई चिमटा दोरीला लावून ठोकळ्यांपाशी मांडी घालत होत्या. तिथं तुफान पूल बांधत होता. "हा खांब धरा," तो म्हणाला. त्यांनी धरला.

वाळू संपली. भाचीनं तोंड उघडलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. काहीच नाही. माझ्या कानांत तर तो पहिल्या दिवसाचा गलका आधीच वाजायला लागला होता.

इतक्यात ठोकळ्यांतून कुणीतरी ती चाल गुणगुणू लागलं. तुफान! मान खाली, हातात ठोकळा, ओठ बंद. मग चित्रांच्या कोपऱ्यानं ती उचलली. मग दुकानानं, आकड्यांनी, वाचनानं आणि शेवटी पाण्यानं. मधमाश्यांचं अख्खं पोळं एकच सूर धरतं, तशी ती खोली गुंजू लागली. झाकणं बसत होती, एकाचाही खटका नाही. ब्रश धुतले जात होते, थेंब सांडत नव्हता. चिमटे दोऱ्यांवरून निघाले आणि पाखरांसारखे दुसऱ्या दोऱ्यांवर जाऊन बसले. कुणी कुणाला सांगत नव्हतं. खोलीच्या मध्यभागी माझी भाची रिकाम्या हातांनी उभी होती आणि तिच्याभोवती तो वर्ग फिरत होता, ग्रह फिरावेत तसा शांत, आपापल्या वाटेनं. मी आयुष्यात आकाशातून मासे पडताना पाहिलेत, पण माझ्या अंगावर काटा आला तो तिथं.

चाल संपली. भाची जाऊन आकड्यांपाशी चौघांजवळ बसली आणि एका पोरीची बोटं हातात घेऊन मोजू लागली. बोलायची गरजच नव्हती.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. साऱ्या शाळेनं मैदानाकडे धाव घेतली. आमच्या खोलीतलं एक पोर उठेल तर शपथ!

शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, ती बाकं आत घ्यायची होती ना?"

मोठ्या बाई साऱ्या कोपऱ्यांची फेरी पुरी करून पुन्हा ठोकळ्यांत आल्या होत्या आणि पालथ्या पडल्यासारख्या वाकून नव्या पुलाखालून पलीकडे बघत होत्या. त्यांचा पूल आता वाचनाच्या कोपऱ्याकडे निघाला होता.

"कसली बाकं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "हळू चाला हो, पूल पडेल."