दारापर्यंत गाडी

सोमवारी सकाळी आठ ते बाराच्या दरम्यान कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, तपासनीस येणार होती. मर्व्हिन टलक सात वाजल्यापासून व्हरांड्यात उभा होता. समोर अंगणात, रस्त्यापासून थेट दारापर्यंत, वीतभर खोल खड्डा खणलेला. कडेनं फळ्या ठोकलेल्या, मध्ये लोखंडी जाळी अंथरलेली. काँक्रीट ओतण्याआधी कौन्सिलचा माणूस हे सगळं बघतो, सही करतो आणि मगच ट्रक बोलवायचा असतो. मर्व्हला ती सही नको होती. काम रद्द, खड्डा बुजवायचा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

त्याच्या बायकोला, लॉर्नाला, शुक्रवारी पुरलं होतं.

जूनमध्ये तिला झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. दोन महिने इस्पितळात काढल्यावर तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की घरी सोडायला हरकत नाही, पण गाडी दारापर्यंत आली पाहिजे. फाटकापासून दारापर्यंत जुन्या विटांची वेडीवाकडी पायवाट होती, तिच्यावरून चाकाची खुर्ची जाणं शक्य नव्हतं. एक्केचाळीस वर्षं त्यांची गाडी रस्त्यावरच उभी असायची. दोघांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

रस्त्याची कड आणि कुंपण यांच्यातली गवताची पट्टी कौन्सिलची. तिच्यावरून गाडी आत घ्यायची तर परवाना लागतो. मर्व्हनं जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, अर्जबिर्ज सगळे लॉर्नाच भरायची. या वेळी तो एकटा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि नकाशा काढला. अर्ज दोनदा परत आला. एकदा विजेच्या खांबापासूनचं अंतर लिहिलं नव्हतं म्हणून, एकदा झाडापासूनचं. तिसऱ्यांदा पास झाला. मग माती भरायला मोठा लोखंडी डबा भाड्यानं आणला, तर तो गवतावर ठेवायला आणखी एक परवाना, सात दिवसांचा. तोही त्यानं काढला. लॉर्नाला यातलं काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तिला गाडीत बसवून एकदम दाराशी आणायचं होतं.

काँक्रीटवाला डार्को मंगळवारी छोटं यंत्र घेऊन आला. गाडीचा रस्ता लॉर्नाच्या वाफ्यातूनच जाणार होता. तिथं ती डेलिया लावायची. पण तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, वाफ्यात काळी माती आणि चार काठ्या, दुसरं काहीच दिसत नव्हतं. मर्व्ह म्हणाला, खण. मातीबरोबर बटाट्यासारखे गड्डे वर आले. त्यानं ते पाहिलेसुद्धा. कुठल्या तरी जुन्या मुळ्या असतील असं वाटलं. संध्याकाळपर्यंत डबा काठोकाठ भरला.

बुधवारी संध्याकाळी तो इस्पितळात गेला. लॉर्ना उशीला टेकून बसली होती. तिचे केस कुणीतरी विंचरले होते. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, "मर्व्ह, या वर्षी डेलियाचे कंद उकरून ठेवायला नकोत. जमिनीतच राहू देत."

तेव्हा त्याला कळलं ते गड्डे कशाचे होते.

"बरं," तो म्हणाला.

"आहेत ना?"

"आहेत की. जातायत कुठं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं उजव्या हातानं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, जा आता, अंधार पडायच्या आत घरी पोच. गुरुवारी पहाटे इस्पितळातून फोन आला. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याच दिवशी डब्याच्या परवान्याची मुदत संपत होती. तो दुपारी परत आला तर गवतावर डबा नव्हता, नुसता चौकोनी पिवळा डाग. दोन दिवसांनी तो कंद शोधायला डबा भाड्यानं देणाऱ्यांच्या आवारात गेला. तिथल्या माणसानं मातीचा एक डोंगर दाखवला. शंभर घरांची माती एकत्र चाळून विकायची होती. तुमचं नेमकं काय होतं, असं त्यानं विचारलं. तो तसाच परतला.

तपासनीस टेस ब्रॉफी साडेनऊला आली. तिशीची, पायात जड बूट, हातात मापाची फीत. डार्को आधीच येऊन फाटकाशी उभा होता. मर्व्हनं तिला सांगितलं की काम रद्द करायचंय. तिला लॉर्नाचं कळलं होतं, डार्कोनंच सांगितलं असणार. ती हळू आवाजात बोलली. रद्द करता येईल, म्हणाली. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. रस्त्याची कड कापली आहे ती आणि गवताची पट्टी पहिल्यासारखी करून द्यावी लागेल.

"आणि कुंपणाच्या आत?" मर्व्हनं विचारलं.

"आतलं तुमचं. ते कसं होतं, आम्ही विचारत नाही."

शेजारची असुंता कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. ऐंशी वर्षांची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, लॉर्नाची रोजची मैत्रीण. तिनं तिथूनच विचारलं, "काय पहिल्यासारखं करतोयस?"

"खड्डा बुजवतोय."

"का?"

त्यानं सांगितलं नाही. मग ती ओल्या हातांनी फाटकातून आत आली आणि पुन्हा विचारलं, तेव्हा परक्या मुलीसमोर, डार्कोसमोर, त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कंद आपण फेकले. ती विचारत होती आणि आपण आहेत म्हणालो. शेवटचं जे बोललो ते खोटं बोललो. आता त्याच जागेवर काँक्रीट ओतायला हात धजत नाही.

असुंतानं पदराला पुसावेत तसे हात झग्याला पुसले.

"अरे गाढवा, तिला माहीत होतं," ती म्हणाली. "मंगळवारीच फोनवर सांगितलं मी. म्हटलं, तुझा नवरा डेलिया उपटून डब्यात भरतोय, बटाटे समजून."

मर्व्ह तिच्याकडे वळला.

"हसली. इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, कंद काय, बाजारात मिळतात. मला घरी यायचंय, असुंता."

"मग मला का विचारलं?"

"तू कबूल करतोस का बघायला. तू गेल्यावर फोन आला तिचा. म्हणाली, नाही गं बोलला. फार घाबरलाय बिचारा. उद्या आला की मीच सांगते त्याला."

मर्व्हनं विचारलं की मला आधी का सांगितलं नाहीस. असुंता म्हणाली, कधी सांगणार होते, तिच्या कबरीपाशी, सगळ्यांच्या देखत? चार दिवस जेवण घेऊन येतेय, तू दार उघडलंस का एकदा तरी? मग तिलाही रडू फुटलं आणि ती तोंड फिरवून उभी राहिली.

मर्व्ह व्हरांड्याच्या पायरीवर बसला. उद्या मीच सांगते. तिनं उद्यासाठी ठेवलं होतं. आपणही सगळं उद्यासाठीच ठेवलं होतं, एक्केचाळीस वर्षांत कधी काही लपवलं नव्हतं आणि लपवलं ते नेमकं त्याच आठवड्यात. टेसनं घाई केली नाही. ती रस्त्याच्या कडेला जाऊन उगाचच पुन्हा माप घेत राहिली.

शेवटी तो उठला आणि तिला म्हणाला, "करा सही. ओतू द्या."

तिनं फीत धरली, जाळीची उंची पाहिली, उतार पाहिला. सगळं ठीक होतं. फक्त दाराजवळ रुंदी नेहमीपेक्षा मीटरभर जास्त आहे, असं ती म्हणाली. चालेल, नकाशात तशीच आहे.

डार्को जवळ आला. जरा अवघडून म्हणाला, "मर्व्ह, तेवढी पट्टी सोडू का? फळी आत घ्यायला दहा मिनिटं लागतील. माती राहील तिथं. कंद आणून लावता येतील, तिच्या आठवणीला."

चांगल्या मनानं सांगत होता. असुंतानंही मान हलवली.

"नको," मर्व्ह म्हणाला. "गाडीचं दार पूर्ण उघडायला लागतं, खुर्ची शेजारी लावायला लागते. ती त्याच बाजूनं उतरणार आहे."

बोलून गेल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. त्यानं ते मागे घेतलं नाही. डार्को फाटकाबाहेर गेला आणि त्यानं ट्रकवाल्याला फोन लावला. रुंदी आहे तेवढीच सांगितली.