मातीखाऊ

मुलगा गेल्यावर सुताराच्या घरात दोनच आवाज उरले. एक माशांच्या टाकीतल्या फिल्टरची बुडबुड आणि दुसरा न्हाणीघरातला कपडे घासण्याचा.

बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. कसल्याही डागांची चादर तिच्या हाताखालून गेली की पांढरीशुभ्र होऊन निघायची. डागच तिला घाबरतात, असं सोबतच्या बाया म्हणत. मुलाच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं त्यानंतर ती घरीही तेच करत सुटली. पडदे धुतले, गाद्यांच्या खोळी धुतल्या आणि पहिल्याच आठवड्यात, हाताला सवय म्हणून, मुलाच्या उशीचा अभ्राही धुतला. दोरीवर घालताना तिच्या लक्षात आलं. ओला अभ्रा नाकाशी धरून तिने पुन्हा पुन्हा हुंगला, पण त्याला साबणाशिवाय कसलाच वास उरला नव्हता. तेव्हाही ती रडली नाही. वाळल्यावर तिने त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

तेव्हापासून घरात मुलाचा विषय निघेनासा झाला. तसं काही ठरलं नव्हतं. सुताराच्या ओठांवर दिवसातून कितीदा तरी ‘तो म्हणायचा’ येई आणि तो ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकी. आपण बोललो आणि ही कोसळली तर? माणूस तसा भित्राच. करवत चालवताना तो कधी कचरला नाही, पण बायकोच्या डोळ्यांत बघायचं म्हटलं की तो नजर खाली घाली.

टाकी मुलाची होती, आणि तिच्याखालचं भक्कम स्टँड सुताराने स्वतः रंधा मारून बनवलेलं. “माणसांना बसायला धड खुर्ची नाही आणि माशांना पलंग!” असं तेव्हा बायको म्हणाली होती. मासे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, पिवळट अंगाचे आणि निळसर रेघांचे. माशांचा दुकानदार त्यांना इंग्रजीत ‘अर्थ-ईटर’ म्हणायचा, घरात त्यांचे मातीखाऊ झाले. दिवसभर त्यांचा एकच धंदा. तोंड वाळूत खुपसायचं, गाल भरून वाळू घ्यायची, चघळल्यासारखं करून खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि बाकीची कल्ल्यांतून सोडून द्यायची.

“आई, हे तुझ्याच वळणावर गेलेत,” मुलगा म्हणायचा. “सगळं घर चाळून काढतात.”

“आणि तू कोणाच्या वळणावर गेलास? रांगत होतास तेव्हा मुठीमुठीने माती खायचास. तोंडात बोट घालून काढायला गेलं की चावायचास मेल्या.”

सगळ्यात मोठ्या नराचं नाव मुकादम, कारण तो स्वतः काही न करता इतरांना हुसकत फिरे. गुबगुबीत मादी म्हणजे मावशी. मुलाला तिच्या पिल्लांची भारी आस होती. “मावशीला पिल्लं झाली की तू आजी होशील,” असं तो आईला चिडवायचा. “आधी सून आण, मग आजी कर,” ती म्हणायची.

टाकीची देखभाल त्याने वडिलांना शिकवून ठेवली होती. त्यातही फिल्टरमधल्या काळ्या स्पंजाबद्दल त्याने बजावून सांगितलं होतं. तो स्पंज दिसायला घाण, पण माशांच्या विष्ठेचं जे विष होतं ते खाऊन टाकणारे जंतू त्यातच राहतात. म्हणून तो नळाखाली कधी धुवायचा नाही. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात हलकेच दाबायचा आणि परत लावायचा.

मुलाने मागे ठेवलेलं, अजून जिवंत असलेलं असं घरात ते मासेच होते. सुतार त्यांना जिवापाड जपत होता. हेही गेले तर आपला पोरगा पुरता गेला, असं त्याला वाटायचं.

आणि मुलगा जाऊन आठ महिने होत आले असताना मावशीला पिल्लं झाली. सुताराला राहवलं नाही, त्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. वाळूवर मोहरीएवढ्या डोळ्यांची पिल्लं भिरभिरत होती. तिची सावली काचेवर पडताच मावशीने तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं लपायला धावत आत शिरली.

“सगळी मावली?” तिने विचारलं.

“मावली.”

“मग ती खाते कशी?”

“तोंडात पिल्लं असली की फारसं खात नाही. तो म्ह...” सुतार थांबला. बायकोने काचेवरून नजर काढली नाही.

त्या दिवसापासून कामावरून आली की ती टाकीपुढे स्टूल घेऊन बसायला लागली. पिल्लं बाहेर आली की नवऱ्याला बोलवायची. मुकादमाला दम भरायची. घरात पुन्हा चार शब्द ऐकू यायला लागले. स्पंजाचं हिला सांगून ठेवावं, असं सुताराच्या मनात येऊन गेलं. पण ते वाक्य ‘तो म्हणायचा’पासूनच सुरू होत होतं. उद्या बघू, म्हणून त्याने ते पुढे ढकललं.

मग एका संध्याकाळी तो घरी आला तर टाकीची काच लखलखत होती. बायको स्टुलावर बसली होती आणि चक्क हसत होती.

“बघा, आहे की नाही लख्ख? एवढीशी पिल्लं आणि त्या घाणीत राहणार? तो काळा बोळा तर बघवत नव्हता. इस्पितळाच्या पावडरीत भिजवला, मग नळाखाली धुतला, धुतला, शेवटी नितळ पाणी आलं.”

सुताराने झाकण उचललं. स्पंज नव्यासारखा स्वच्छ होता. त्याने झाकण हळूच परत लावलं. त्याने बायकोकडे पाहिलं. किती महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

“छान झालं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानदाराकडे धावला. दुकानदाराने आपल्या टाकीतला जुना स्पंज काढून दिला आणि रोज थोडं पाणी बदलायला सांगितलं. “नशीब असेल तर वाचतील,” म्हणाला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून सुताराने घरातली भांडी भरून ठेवली. बायकोने विचारलं तर म्हणाला, असंच. पण मासे वाळू चाळायचे थांबले होते. पाण्यावर तोंडं काढून ते धापा टाकत होते. आधी मुकादम गेला, मग एकेक करून बाकीचे. मावशी शेवटपर्यंत तग धरून होती. एका सकाळी ती कोपऱ्यात आडवी पडलेली दिसली आणि पिल्लं तिच्या तोंडाशी, वाळूवर निपचित.

बायको टाकीपुढे उभी राहिली. काय सांगायचं याची सुताराने तयारी करून ठेवली होती.

“माझं चुकलं. पिल्लांच्या कौतुकात मी खाणं जास्त टाकलं, त्याने पाणी बिघडलं.”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” ती म्हणाली. “मी तो बोळा धुतला तेव्हापासून हे सुरू झालं. मला कळत नाही का? आधी त्याचा अभ्रा, आता त्याचे मासे. माझा हात लागला की त्याचं काही म्हणून उरत नाही.”

“अगं नाही, तुझं नाही,” सुतार म्हणाला. “मला माहीत होतं. स्पंज धुवायचा नसतो, हे त्याने मला शिकवलं होतं. तुला सांगायचं तर त्याचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून बोललो नाही.”

ती वळली. रागवेल, असं त्याला वाटलं. रागावली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

“त्याचं बोलणं इतके दिवस एकट्याने तोंडात धरून बसलात?” ती म्हणाली. “मला त्यातला एक शब्दही दिला नाहीत?”

आणि ती मटकन खाली बसली आणि रडली, पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा, हंबरडा फोडून रडली. सुतार तिच्याशेजारी फरशीवर बसला. टाकीत एकही मासा जिवंत नव्हता, तरी फिल्टर चालूच होता.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

“काय म्हणायचा? बोळ्याचं काय म्हणायचा, ते सांगा.”

“म्हणायचा, बाबा, हा स्पंज घाण दिसतो...”

“असं नाही. त्याच्यासारखं म्हणा.”

सुताराने डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.