वीन पुन्हा कामावर

मित्रांनो, मी एक जुने इंग्रजी क्रियापद आहे. माझे नाव वीन. एकेकाळी माझ्यावाचून इंग्रजीत कोणाला काही वाटतच नसे. निदान मला तसे वाटते. नक्की सांगता येत नाही, कारण माझा अर्थच मुळी 'वाटणे' असा आहे. छातीठोक बोलणे माझ्या रक्तात नाही.

माझा जन्म हजारेक वर्षांपूर्वीचा. 'उद्या पाऊस येईलसे वाटते' एवढे म्हणायचे झाले, तरी मला हाक पडे. पुढे 'थिंक' नावाच्या भाऊबंदाने माझी सगळी कामे बळकावली. कवींनी काही वर्षे यमकापुरते पोसले, मग त्यांनीही हात आखडता घेतला. 'ओव्हरवीनिंग' हा एक नातलग तेवढा अजून नोकरीत आहे. त्याचा अर्थ गर्विष्ठ. ओळख दाखवत नाही.

शेवटी मी पाणीखात्याच्या एका कचेरीत, जाडजूड शब्दकोशात येऊन पडले. माझ्यापुढे 'अप्रचलित' असा शेरा होता. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून तो कोश तिला टेकवून ठेवीत.

त्या कचेरीत मीटरच्या तक्रारी नोंदवणारा एक कारकून होता. त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या मावशीच्या डोळ्याचे ऑपरेशन शुक्रवारी होते. दुसरा डोळा आधीच गेलेला, आणि सोबतीला याच्याशिवाय कोणी नाही. रजेचे दोन अर्ज साहेबांनी 'कारण समाधानकारक नाही' म्हणून परत धाडले होते.

"अरे, साध्या इंग्रजीत मागितलंस तर साधंच उत्तर मिळणार," टंकलेखक बाई म्हणाल्या. "जरा वजनदार घाल काहीतरी. वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे."

कारकुनाने कोश उघडला आणि बोट माझ्यावर ठेवले. अर्जात लिहिले, 'शुक्रवारची रजा अत्यावश्यक आहे, असे मी वीन करतो.' मी पार गोंधळले. अहो, मावशीचा डोळा पणाला लागलेला, आणि हा लिहितो काय, तर 'आपलं मला असं वाटतं बुवा'!

साहेब वाचता वाचता माझ्यापाशी अडखळले. त्यांनी हेडक्लार्कना बोलावले.

"हे बरोबर लिहिलंय ना?"

हेडक्लार्कनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "अगदी बरोबर, साहेब. कायद्यातलं दिसतंय."

"मलाही तेच म्हणायचं होतं. समजा, नाकारली रजा, तर?"

"अंगाशी यायचं, साहेब."

कोश चार पावलांवर होता. पण तो उघडताना दुसऱ्याने पाहिले असते, आणि तेवढी जोखीम कोण घेणार? रजा मंजूर झाली.

अर्जाच्या नकलेतून मीही कारकुनाच्या खिशात घरी गेले.

"मावशे, एका शब्दावर रजा मिळाली!"

"कुठला रे शब्द?"

"आता नीटसा आठवत नाही."

"जाऊ दे. माझा चष्मा घेतलास का?"

हजार वर्षांत अर्थ कळून माझे एवढे काम कधी झाले नव्हते. न कळल्यामुळे झाले. याचा अभिमान धरावा की डोळे पुसावेत, मला अजून उमगत नाही. मित्रांनो, म्हाताऱ्या शब्दांची अधूनमधून विचारपूस करत जा. निदान कामाला जुंपण्याआधी तरी.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मावशीचा हात धरून तो दवाखान्यात पोहोचला. दारावर कागद चिकटवला होता. डॉक्टर रजेवर होते.