आधी कोण दिसणार

दवाखान्यात मला ‘कडक बाई’ म्हणतात. कडक लेन्स लावायला शिकवते म्हणून, की स्वभावामुळे, हे तोंडावर विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही. बावीस वर्षं हेच काम करतेय. रडणारे, ओरडणारे, लेन्स बेसिनमध्ये घालवून वर मलाच चार शब्द सुनावणारे, सगळे माझ्या हाताखालून गेले. पण परवा ताई तिच्या लेकीला घेऊन आली आणि मी धुतलेलेच हात पुन्हा धुतले.

ताईची लेक म्हणजे मी जन्माला घातलेली पोर. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि ताईला मूल होत नव्हतं. चार भिंतींच्या आत ठरलं, ती आई आणि मी मावशी, मरेपर्यंत. एकोणीस वर्षं मी शब्द पाळलाय. ताईनंही पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलंय, त्यात खोट काढायला जागा नाही. मला ती वर्षातून दोनदा भेटते, ‘कशी आहेस मावशी?’ म्हणते आणि गाडीत बसून जाते. पुढचे सहा महिने मी त्या तीन शब्दांवर काढते. फार आठवण येते हो तिची. समोर बसलेली असते तेव्हासुद्धा येते.

बुबुळ पातळ होत होत टोक आल्यासारखं पुढे येतं, असा तिच्या डोळ्यांचा आजार. मलाही तोच आहे. माझ्याकडूनच गेला तिला. दुसरं काही द्यायची मला परवानगी नव्हती, हे मात्र बिनबोभाट पोचलं.

डॉक्टरांनी मापं आधीच काढली होती, लेन्स बनून आल्या आणि परवा शिकायला ती माझ्यापुढे बसली.

“चष्म्यानं का नाही गं भागत, मावशी?”

“बुबुळ वेडंवाकडं झालंय तुझं, चष्म्याच्या काचेला ते झेपत नाही. मऊ लेन्स त्यावर चादरीसारखी पसरते, म्हणजे तीही वाकडीच. ही कडक. आपला आकार सोडत नाही. मधे जी फट राहते ती डोळ्यातलं पाणी भरून काढतं, मग सरळ दिसतं. आणि हवा जाते हिच्यातून, डोळा घुसमटत नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखी. कडक.”

“आगाऊपणा पुरे. हात धू.”

दार उघडंच होतं. मी तिचे केस पिनेनं मागे बसवले, तोंड पुसलं. बाहेर बाकावर ताईशेजारी एक पेन्शनर काका बसले होते. त्यांना राहवलं नाही. ताईला म्हणतात कसे, “माय मरो पण मावशी जगो, ते काही खोटं नाही हो!” आमच्या घरात ही म्हण कुणी तोंडातून काढत नाही. ताई पर्सची चेन उघडझाप करत बसली.

माझी एकच इच्छा होती. हसू नका. गेल्या चार वर्षांत त्या पोरीला एकही चेहरा धड दिसलेला नाही, सगळ्यांच्या दोन-दोन, तीन-तीन कडा. लेन्स बसली की पहिला जो चेहरा स्वच्छ दिसेल, तो माझा असावा. पहिलं पाऊल ताईनं बघितलं, पहिला शब्द ताईनं ऐकला, शाळेच्या पहिल्या दिवशी बोट ताईचं होतं. हे एक पहिलं मला हवं होतं. म्हणून मी ताईला लेन्सचं पाणी आणायला चौकापलीकडच्या दुकानात पिटाळलं. कपाटात माझ्या पाच बाटल्या होत्या.

मग तिच्या पापण्या दोन बोटांनी धरल्या. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. इतक्या जवळून मी तिला जन्मल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. उजवी बसली. डावी बसली.

“आई गं!” ती कळवळली.

मी ‘ओ’ देता देता राहिले.

“खाली बघ,” म्हटलं. “वर बघितलंस की पापणी घासते. पाणी येऊ दे, थांबेल आपोआप.”

ती मान खाली घालून बसली. गालांवरून धारा लागल्या होत्या. मी स्टूल ओढून तिच्या अगदी समोर बसले, केस सारखे केले, पदर नीट केला. या वयात, वेडी कुठली! वीस मिनिटं मी तिच्या भांगाकडे बघत काढली.

“थांबलं गं पाणी. बघू वर?”

मी ‘बघ’ म्हणणार, तोच तिनं डोळे गच्च मिटले.

“नको, थांब! आधी आईला बोलाव ना. मला पहिल्यांदा आईला बघायचंय.”

राग आला मला. खोटं कशाला सांगू? म्हणावंसं वाटलं, उघड डोळे, आई समोरच बसलीय. अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात जिन्यात ताईच्या चपला वाजल्या. धापा टाकत आली बिचारी, हातात बाटली.

मी स्टुलावरून उठले.

“बस इथे.”

“अगं, पण झालं का...”

“बस म्हटलं ना!”

ती बसली. पोरीनं डोळे उघडले आणि ताईकडे बघतच राहिली.

“आई! तुझ्या गालावर तीळ आहे, मी विसरलेच होते! आणि एवढे पांढरे केस कधी झाले?”

ताई हसत होती आणि रडत होती. मी पोरीच्या मागे उभी होते. तिथून मला फक्त तिची वेणी दिसत होती.

मग तिनं टेबलावरचा आरसा उचलला. एकदा आरशात, एकदा ताईकडे, पुन्हा आरशात.

“आई, मी कुणावर गेलेय गं? बाबांवर तर नाहीच. मला वाटतं, तुझ्यावर.”

 ताईनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत ताईनं माझ्यापुढे कधी हात पसरला नव्हता. आत्ता नजरेनंच पसरला.

“आईवर गेलीस,” मी म्हणाले. “नाक, हनुवटी, डोळेसुद्धा. झालीस त्या दिवशीच मला कळलं होतं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पोरगी केवढी खूश झाली. “बघ आई,” ती म्हणाली, “मावशीलासुद्धा तसंच वाटतं.”