बापाचा वाटा

"आ करा," छाया म्हणाली. मी आ वासला. बायकोनं नाक पुढं आणून वास घेतला आणि मान हलवली. म्हणजे आजचा दिवस पास.

नऊ दिवस झाले, रोज सकाळी हा तमाशा. दारू सोडल्यापासून घरात माझी किंमत दुधाच्या पातेल्याएवढी झाली होती. नासलंय का ते हुंगून बघायचं. चीड यायची, पण बोलणार कुठल्या तोंडानं? याच तोंडानं अठरा वर्षं पोटल्या फोडल्या होत्या. आमच्या लिंबायतला देशी दारू प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून मिळते, तिला पोटली म्हणतात. कोपरा दातांनी तोडायचा आणि तोंड वर करायचं. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणे. असेल बापडी!

किळस म्हणाल तर सगळ्याचीच यायची. दवाखान्यातल्या गोळ्यांची, अंगाच्या घामाची, दिसेल त्यानं पाजलेल्या गोड चहाची. कारखान्यात लूमवर तुटलेला धागा जोडताना बोटं अशी नाचायची, की शेठनं पंधरा दिवस घरी बसवलं. माझी गोधडी छायानं तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, तरी तिचा वास जाईना. अठरा वर्षांत तो मला कधी आला नव्हता. छाया मात्र त्याच वासाशेजारी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. शी!

त्यात आखाजी आली. आम्हा खानदेशी माणसांची अक्षय तृतीया म्हणजे पितरांचा दिवस. घागर मांडायची, गोवरीच्या निखाऱ्यावर गेलेल्या माणसाच्या नावानं आगारीचा घास टाकायचा, त्याला जे आवडायचं ते द्यायचं. माझ्या बापाला, काशीरामला, एकच गोष्ट आवडायची. तीच पिऊन तो सहा वर्षांपूर्वी मेला. तेव्हापासून दर आखाजीला माय पोटली मागवायची, मी त्याच्या नावानं चार थेंब निखाऱ्यावर टाकायचो आणि बाकीची पोटली प्रसाद म्हणून स्वतःच्या नरड्यात ओतायचो. बापाचा वाटा चार थेंब, पोराचा बाकी सगळा.

यंदा ते बंद, असं मी धरून चाललो होतो. दुपारी छायानं पुरणपोळी, आमरस, कुरडया वाढल्या. निखारे पेटले. आणि माझ्या मायनं, रंभाबाईनं, पदराखालून पोटली काढली.

"कोनी आनी हाई?" मी ओरडलो.

"मगननी."

शेजारचा मगन. मी सोडली हे ऐकून "किती दिवस?" असं म्हणत दात काढणारा मगन.

"घे. तुना हातेच टाक," माय म्हणाली.

"अहो आई, अक्कल गहाण ठेवली का तुम्ही?" छाया कडाडली. "नऊ दिवस झाले हो त्यांना! " मग माझ्याकडं वळून, "तुम्ही घेऊ नका हातात."

मी घेतली. मायच्या अंगानं गरम झालेली ती बुळबुळीत पिशवी हातात आली. गाठ काही सुटेना. कधी पोटली तोंडाकडं गेली आणि दात कोपऱ्यावर बसले, माझं मलाच कळलं नाही. वास आला. ओकारी आणि लाळ एकदमच. जन्मात मला स्वतःचा इतका वीट आला नव्हता.

थू करून मी पोटली खाली ठेवली.

"माय, तो तुले जनावरासारखा मारे. त्याना इतला लाड कसाले करस?"

"लाड?" माय दाराकडं बघत हळूच म्हणाली, "नही भेटनी तर तो येई, रे. माले मारी."

तिच्या उजव्या हातानं डावं मनगट धरलं होतं. ते मनगट वाकडंच जुळलंय. बापानं ते मोडलं तेव्हा मी याच खोलीत होतो. दोन हातांवर. पिऊन पडलो होतो. सहा वर्षं मला वाटत होतं, म्हातारी नवऱ्याच्या मायेनं पोटली मागवते. ती मेलेल्या माणसाला लाच देत होती, आणि ती लाच मी पीत होतो.

"येऊ दे त्याले," मी म्हणालो. "औंदा मी शुद्धीवर शे."

छायानं पोटली उचलून मोरीत फोडली आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. तरी खोलीभर घाण वास भरला. मी निखाऱ्यावर पोळीचा घास टाकला, पाणी फिरवलं, दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसलो. बाहेर पडलो तर पाय कुठं जातील, तेही मला माहीत होतं.

एवढ्यात दारावर थाप पडली. माय दचकली, भिंतीला चिकटली.

"हिलालभाई, आगारी झाली का?" बाहेर मगन हसत होता. "प्रसाद उरला का थोडा?"

त्याची थाप थेट माझ्या पाठीत बसत होती. हात मी मांड्यांखाली दाबून धरले. उठलो नाही. दोनदा, तीनदा दार वाजवून तो गेला.

मायनं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग तिनं ताट पुढं ओढलं आणि त्या वाकड्या हातानं पोळीवर जोर देऊन पहिला तुकडा मोडला.